अमाल्फीचा समुद्र, म्युनिकची शाळा आणि पिंपळगावची छाटणी

वाचकांचं पत्र:

स. न. वि. वि.

आम्ही पिंपळगाव बसवंतचे. यांची चार एकर द्राक्षबाग आहे. लेक-जावई म्युनिकला असतात, नातू पहिलीत आहे. यंदा सगळ्यांनी मिळून इटलीच्या अमाल्फी किनाऱ्यावर आठ-दहा दिवस जायचं घाटतंय. गाडी अडली आहे ती 'कधी' या प्रश्नावर. इथले टूरवाले म्हणतात, मेमध्ये चला, तोच सीझन. लेक म्हणते ऑगस्ट, कारण नातवाला सुट्टी. धाकटे दीर म्हणतात नोव्हेंबर, स्वस्तात होईल आणि समुद्रकाठची थंडी ती किती असणार! माझे गुडघे दुखतात. यांना समुद्रात डुंबायचंच आहे, तारकर्लीला हाताला धरून बाहेर काढावं लागलं होतं. घरी दीड दिवसाचा गणपती असतो, तो सोडून कुठे जाणार नाही. ऑक्टोबरात छाटणी. तुम्हीच काय ते सांगा. आणि एक विचारायचं राहिलं. तिथे मी पाण्यात काय घालून उतरू? हसू नका.

एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर:

काकू, सप्रेम नमस्कार.

हसले नाही. तुमच्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न तोच आहे, म्हणून त्याचं उत्तर सावकाश, शेवटी देते. आधी तारीख सांगून मोकळी होते: १ सप्टेंबरला तिथे पोचा, ११ सप्टेंबरला निघा. मे नको, ऑगस्ट नको, आणि दिरांचा नोव्हेंबर तर मुळीच नको.

ही तारीख पंचांग, नातवाच्या शाळेचं वेळापत्रक आणि काकांची बाग असं तिन्ही समोर ठेवून काढली आहे. म्युनिक बव्हेरियात येतं, आणि बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी जर्मनीत सगळ्यांच्या मागून लागते, मागून संपते. यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, ती ३ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर आहे. लेकीने सुट्टी म्हणजे ऑगस्ट असं धरलंय, पण सुट्टीचे दोन आठवडे सप्टेंबरात पडलेत आणि ते कोणी हिशेबात घेतलेले नाहीत. शाळा बुडवून नेऊ म्हणाल, तर तिकडे ते चालत नाही. हजेरीची कायद्याने सक्ती आहे आणि आई-वडिलांना दंड होतो. 'आजी-आजोबा आलेत' ही सबब बाईंपुढे चालणार नाही.

आता गणपती. गेल्या वर्षी तो २७ ऑगस्टलाच आला होता, पुढच्या वर्षी ४ सप्टेंबरला येतोय. या दोन्ही वर्षी मी सुचवलेले दिवस बादच झाले असते. यंदा मात्र ज्येष्ठ अधिक आलाय, त्यामुळे गणेश चतुर्थी थेट १४ सप्टेंबरवर गेली. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देतात. यंदा त्याच महिन्याने तुम्हाला दहा दिवसांचं वाण दिलं म्हणायचं. ११ ला निघालात की १२ ला घरी. मखराला एक अख्खा दिवस मिळतो. दगदग होईल, नाही म्हणत नाही. पण उकडीचं पीठ लेकीकडे निघण्याआधी दळून ठेवता येतं. बागेचं तुम्हीच लिहिलंय. तिकडे ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की काकांना वऱ्हाडाच्या बसनेही कोणी नेऊ शकणार नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला बागेला थोडी उसंत असते.

हे झालं आपल्या सोयीचं. पण तिथला समुद्र त्या दिवसांत कसा असतो, हे जास्त महत्त्वाचं. बहुतेक लोक इथेच चुकतात, कारण मोबाइलवर हवेचं तापमान बघतात आणि पाण्याचं बघत नाहीत.

तुमच्या माहेरी तांब्याचा बंब असेल. पेटवल्या पेटवल्या पाणी तापत नाही, आणि निखारे विझले तरी तास-दोन तास ते कढत राहतं. समुद्र हा असाच मोठा बंब आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे दिवस सगळ्यात मोठा असतो, सूर्य डोक्यावर असतो, पण पाणी तेव्हा अर्धवटच तापलेलं असतं. ते खरं तापतं ऑगस्टमध्ये, आणि सप्टेंबरात हवा उतरायला लागली तरी पाणी उतरत नाही. अमाल्फीजवळच्या नेपल्स शहराच्या आसपास मेमध्ये समुद्र साधारण १८-१९ अंश असतो, ऑगस्टमध्ये २६ च्या आगेमागे आणि सप्टेंबरात २४-२५. हवेचं बघाल तर मे आणि ऑक्टोबर जवळजवळ जुळे भाऊ वाटतील, दुपारी २२-२३ अंश. पाण्यात पाय घातला की कळतं कोण थोरला ते. ऑक्टोबरचा समुद्र मेपेक्षा तीन अंशांनी तरी उबदार असतो.

१८ अंश म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. डिसेंबरात पहाटे पिंपळगावच्या टाकीतून येणारं पाणी आठवा. तारकर्लीचा समुद्र वर्षभर २७ ते ३० अंशांच्या घरात असतो. ज्या माणसाला तिथून ओढून काढावं लागलं, तो माणूस १८ अंशांच्या पाण्यात किती वेळ टिकेल? आमच्या घरातल्या एका शूरवीराचा मला अनुभव आहे. मेचा दुसरा आठवडा, लख्ख ऊन, पाणी असं निळं की काचेच्या बांगडीसारखं. 'बघा आता' म्हणून धावत गेले, कमरेपर्यंत पोचले आणि तिथेच थिजले. ना पुढे, ना मागे. शेजारी सत्तरीच्या एक जर्मन आजी शांतपणे पोहत होत्या, त्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? बाहेर आले तेव्हा दात वाजत होते. नंतर उरलेले पाच दिवस त्यांनी समुद्र फक्त बाल्कनीतून पाहिला. तुमच्या जावईबापूंना बव्हेरियाच्या तळ्यांची सवय असेल, ते उतरतील मेमध्ये. काका नाही.

मग टूरवाले मे का म्हणतात? कारण आपल्या शाळांना मेमध्ये सुट्टी असते. तेवढंच कारण आहे. तसा मे वाईट नाही हं. डोंगर हिरवे असतात, लिंबाच्या बागांना फुलांचा वास असतो, दिवस लांब, चालायला हवा उत्तम. ज्यांना पाण्यात जायचंच नाही, नुसतं हिंडायचं आहे, त्यांना मी डोळे मिटून मे सांगते. तुमच्या घरी तसा माणूस एकच दिसतो, आणि ती तुम्ही, तेही गुडघ्यांमुळे.

ऑगस्टबद्दल लेकीशी तुमचा वाद होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१५ ऑगस्टला इटलीत फेरागोस्तो असतो. सम्राट ऑगस्टसच्या काळापासूनची सुट्टी, पुढे त्यावर मेरी मातेचा सण येऊन बसला. आपल्याकडे दिवाळीत पुण्यातली निम्मी मंडळी गावाकडे जातात ना, तसं तिथे त्या दिवसाच्या आगेमागे सगळा देश समुद्राकडे सरकतो. शहरात दुकानांची शटरं खाली आणि त्यावर 'सुट्टीनिमित्त बंद'च्या चिठ्ठ्या. किनाऱ्यावर मात्र छत्रीला छत्री चिकटलेली. किनाऱ्याचा बराचसा भाग तिथे भाड्याने चालतो. त्याला लीदो म्हणतात. छत्री आणि दोन आरामखुर्च्या दिवसाच्या भावाने घ्यायच्या. पुढच्या रांगेचा भाव जास्त, मागच्या रांगेचा कमी, अगदी नाट्यगृहासारखं. ऑगस्टमध्ये पुढच्या रांगा अख्ख्या महिन्यासाठी आधीच गेलेल्या असतात, दरवर्षी त्याच घराण्यांकडे. नातवाला फुकटच्या पट्ट्यात जागा मिळेल, पण तिथे टॉवेल अंथरायला सकाळी आठला पोचावं लागेल.

आणि रस्ता. वियेत्रीपासून पोसितानोपर्यंतचा तो प्रसिद्ध रस्ता एका बाजूला कडा, एका बाजूला समुद्र, आणि मध्ये जेमतेम दोन गाड्या. वरंध घाटात एसटी समोरून आली की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे ते दर वळणावर होतं. म्हणून सरकारने सम-विषमचा नियम लावलाय. नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून ठरतं, आज तुमची गाडी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळात त्या रस्त्यावर येऊ शकते की नाही. हा नियम ऑगस्टमध्ये रोज असतो आणि सप्टेंबरात फक्त शनिवार-रविवारी. ऑगस्ट आणि सप्टेंबरातला फरक याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही. जावईबापू म्युनिकहून गाडी घेऊन यायचं म्हणत असतील तर त्यांना हे आजच दाखवा.

'ऊन काय, आम्ही जळगावचं पाहिलंय,' असं काका म्हणतील. पाहिलंय, पण दुपारी एक वाजता जळगावच्या रस्त्यावर पाहिलंय का? आपण उन्हाळ्यात दुपारी दार लावून, ताक पिऊन पडतो. प्रवाशाला ते जमत नाही, त्याचं पॉम्पेईच्या प्राचीन अवशेषांचं तिकीट नेमकं साडेबाराचं असतं. पॉम्पेईत सावली शोधावी लागते. दोन हजार वर्षांपूर्वीच घरांची छपरं गेलेली आहेत. शिवाय अलीकडचे उन्हाळे साधे राहिलेले नाहीत. ११ ऑगस्ट २०२१ ला सिसिलीत सिराकुसाजवळ ४८.८ अंशांची नोंद झाली, युरोपातली आजवरची सगळ्यात जास्त. अमाल्फीकडे इतकं होत नाही, तिथे ऑगस्टची दुपार ३०-३१ ची असते. पण दमट असते, दगडी भिंती रात्री अकरापर्यंत वाफा टाकतात आणि तुमच्याकडे गुडघे आहेत. उन्हात पायऱ्या चढणं हे तिथलं रोजचं काम.

आता दीर. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की भाऊजी, पावसाचा हिशेब तिकडे उलटा आहे.

आपल्याकडे उन्हाळा संपतो आणि पाऊस येतो. भूमध्य समुद्रावर उन्हाळा म्हणजेच कोरडा काळ. तेव्हा अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून झाकणासारखा बसतो, ढगांना वाटच मिळत नाही. हिवाळ्याकडे तो पट्टा दक्षिणेला उतरतो, झाकण निघतं आणि अटलांटिकवरून पाऊस आत येतो. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवे ते मांडवा बोट बंद असते. तिथे हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटी बंद असतात. आपल्याकडे श्रावणात कोकणातले हॉटेलवाले घराला रंग काढतात. तिथे ते काम डिसेंबर-जानेवारीत. नेपल्सचा सगळ्यात पावसाळी महिना कोणता, विचारा त्यांना. नोव्हेंबर. दीडशे मिलिमीटरच्या आसपास. जुलैत त्याच्या पावपट सुद्धा नसतो.

आणि हा पाऊस रिमझिम नसतो. बंब अजून गरम असतो ना, त्याची वाफ वर जाते, उत्तरेकडून थंड हवा येऊन आदळते, आणि मागे उभे डोंगर. पाणी एका रात्रीत ओतलं जातं. २५ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री याच किनाऱ्यावर, सालेर्नो, वियेत्री आणि मायोरीत, असा पाऊस झाला की तीनशेहून अधिक माणसं गेली. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला २९ ऑक्टोबर २०२४ ला काय झालं, ते आपण बातम्यांत पाहिलंच. चिखलात एकावर एक चढलेल्या मोटारी. दर वर्षी असं होतं असं नाही. पण बारा तास विमानात बसून जाणाऱ्याने हा जुगार कशाला खेळायचा?

एकदा मी खेळले होते. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. पहिले दोन दिवस सोन्यासारखे. तिसऱ्या दिवशी बोटीच्या खिडकीवर पाटी, समुद्र खवळल्याने फेरी रद्द. चौथ्या दिवशी तीच पाटी. आम्ही बसने गेलो, दीड तास उभ्याने. ज्या हॉटेलात राहिलो ते त्या रविवारी वर्षासाठी बंद होणार होतं. आम्ही नाश्त्याला बसलो की शेजारच्या टेबलावरच्या खुर्च्या उचलून मागे नेत. मालकीणबाई गाद्या गच्चीवर उन्हाला टाकत, पावसाचा थेंब पडला की धावत आत आणत, पुन्हा नेत. शेवटच्या सकाळी अख्ख्या जेवणघरात एकच टेबल उरलं होतं, आमचं, आणि त्या बाई कमरेवर हात ठेवून आम्ही उठायची वाट पाहत होत्या. त्यांचा राग आला नाही. सहा महिने राबलेली बाई होती. पण कॉफी मी घाईने प्यायले. आणखी एक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळं तासभर मागे करतात, आणि मग पाच वाजताच अंधार. यंदा नोव्हेंबरच्या ८ तारखेला तर लक्ष्मीपूजन आहे. दिराने दिवाळीत वहिनीला घराबाहेर काढायचा बेत केलाय, हे सासूबाईंच्या कानावर घाला, बाकी काम त्या करतील.

तेव्हा सप्टेंबरचा पहिला आठवडा. इटालियन मंडळी कामावर परतायला लागलेली असतात, पाणी तापलेलं, बोटी पूर्ण वेळापत्रकाने चालू, लीदो उघडे आणि पुढच्या रांगेत जागा. संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड.

दोष सांगितला नाही तर सल्ला कसला! स्वस्ताई विसरा. या किनाऱ्यावर सप्टेंबरही महागच जातो, जगभरचे लोक आता तोच महिना निवडतात. पोसितानोत तर मुंगीला वाट नसते. आणि एखाद-दुसरं वादळ येऊ शकतं, दुपारी काळंकुट्ट होऊन तासभर बदाबदा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लख्ख. त्या एका दिवशी बोटी बंद राहिल्या तर अडकायला नको, म्हणून शेवटची रात्र मोठ्या गावात काढायची. काप्री बेटावर तर मुळीच नाही, मग तिथले फोटो कितीही छान येवोत.

राहायचं कुठे, तेही सांगते, कारण गुडघ्यांना ऋतूपेक्षा गाव जास्त महत्त्वाचं. पोसितानो हे गाव नाही, जिना आहे. चित्रात जे एकावर एक रंगीत डबे दिसतात, त्या प्रत्येक डब्यापर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात, सामानासकट. तुम्ही मायोरीत राहा. हे वर सांगितलेलंच १९५४ च्या पुरातलं गाव. त्यानंतर समुद्राकडची बाजू नव्याने बांधली, त्यामुळे इमारती साध्या आहेत, दागिन्यांसारख्या नाहीत. पण समुद्राला लागून लांब, सपाट रस्ता, त्यावर बाकं, लिफ्टवाली हॉटेलं, आणि अमाल्फी किनाऱ्यावरचा सगळ्यात लांब समुद्रकाठ, करड्या वाळूचा आणि बारीक गोट्यांचा. नातवाला किल्ला बांधता येईल. एक गंमत त्याला दाखवा. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, पाणी वीतभर वर-खाली होतं तेवढंच. संध्याकाळी बांधलेला किल्ला, कुणी पाय दिला नाही तर, सकाळी तिथेच असतो. काका तासभर चक्रावतील, 'पाणी आत कधी जाणार?' म्हणून.

मायोरीहून बोटीने अमाल्फी, पोसितानो, उलट बाजूला सालेर्नो. बसपेक्षा बोटच घ्या, गुडघे दुमडून उभं राहायला नको आणि किनारा खरा दिसतो तो पाण्यातूनच. अमाल्फीहून रावेल्लोला मात्र बस किंवा टॅक्सी. गाव साडेतीनशे मीटर उंचावर आहे, पण एकदा वर पोचलात की चौक सपाट, तिथेच व्हिला रुफोलोची बाग, बाकावर बसून अख्खा किनारा. मायोरी ते मिनोरी लिंबांच्या बागांमधून एक पायवाट आहे. सगळे म्हणतील, छोटीशी आहे, चला. जाऊ नका. चारेकशे पायऱ्या आहेत. तुम्ही बोटीने पुढे जा, त्यांना चालत येऊ द्या, तोवर लिंबाचं सरबत घेऊन बसा. म्युनिकहून विमानाने नेपल्स दोन तासांच्या आत, तिथून सालेर्नो आगगाडीने पाऊण तास, पुढे बोट. शेवटची रात्र सालेर्नोत, म्हणजे विमानाच्या दिवशी समुद्रावर अवलंबून राहायला नको. गाडी आणलीच तर तीही सालेर्नोत लावा.

काकांसाठी एक दिवस राखून ठेवा. मायोरीच्या मागे डोंगरात त्रामोंती म्हणून गाव आहे, खरं तर तेरा वाड्यांचा समूह. तिथे द्राक्षं मांडवावर आहेत, चेस्टनटच्या लाकडी खांबांवर, आपल्याकडे वाय आकाराच्या खांबांची पद्धत यायच्या आधी असायचा तसाच मांडव. आणि काही वेली शंभर वर्षांहून जुन्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या, कलम न केलेल्या. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने युरोपभरच्या बागा खाल्ल्या, त्यातून ही जुनी झाडं वाचली. काका डॉगरीज जातीच्या खुंटावर कलम बांधतात ना? त्यांना तो बुंधा बघू द्या, माणसाच्या कमरेएवढा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माल वेलीवरच असेल, तोडणी पुढे महिनाअखेरीपासून. पिंपळगावात छाटणीची तयारी आणि तिथे तोडणीची, हे बघितल्यावर त्यांना तिथून उठवणं तारकर्लीपेक्षा अवघड जाईल.

जेवणाची काळजी करू नका, फक्त एक लक्षात ठेवा. 'मरिनारा' पिझ्झा नावावरून मासळीचा वाटतो, पण तो नुसता टोमॅटो-लसणाचा, त्यात चीजही नसतं. उलट साध्या दिसणाऱ्या भाजीत किंवा पास्त्यात आलीची, म्हणजे छोट्या मासळी, विरघळलेल्या असू शकतात. 'सेन्झा आलीची', म्हणजे 'आलीचीशिवाय', हे दोन शब्द नातवाकडून पाठ करून घ्या.

व्हिसाचं पटकन. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा खिडकी आत्ताच उघडली आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणं कठीण होतं, एप्रिलमध्येच उरका. अर्ज कोणत्या देशाकडे, हे रात्री मोजून ठरतं. म्युनिकला लेकीकडे तीन आठवडे आणि इटलीत दहा दिवस असतील तर अर्ज जर्मनीकडे. नुसतं इटलीत राहून परत येणार असाल तर इटलीकडे. प्रवास विमा ३०,००० युरोंचा लागतो. त्यात तुमच्या गुडघ्यांचा जुना इतिहास लपवू नका.

ज्या वाचकांना शाळेची अट नाही, त्यांनी माझ्या तारखा घेऊ नयेत. तुम्ही सप्टेंबरचा शेवट गाठा, २० सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. यंदा त्यात पितृपंधरवडा येतो, २७ पासून. तो पाळत असाल तर दहा दिवस अलीकडे या, पण मग गणपती. ज्याचं त्याने ठरवावं. ग्रीसच्या बेटांवर जाणाऱ्यांना एकच जास्तीची सूचना: जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, दिवसचे दिवस. बोटी अडतात, वाळू तोंडात जाते. सप्टेंबरात तो मंदावतो.

आता पाण्यात काय घालायचं ते.

काकू, तिथे तुमच्याहून वीस वर्षांनी मोठ्या बाया, तुमच्या दुप्पट देहाच्या, दोन चिंध्या लावून आरामात पाण्यात उतरतात आणि कोणी मान वळवत नाही. तुमच्याकडेही वळवणार नाही. पण तुम्हाला तसं उतरायचं नाही, हे मला कळतं. साडी नको, ओली झाली की पायात अडकते आणि गोट्यांवरून तोल जातो. सुती पंजाबी ड्रेसही नको, पाणी पिऊन दोन किलोचा होतो. पोहण्याच्या कापडाचे पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट आणि पावलांपर्यंतच्या विजारी मिळतात, गडद रंगाचा एक जोड नाशिकमध्येच घ्या आणि एकदा घरी ओला करून बघा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्यात घालायचे रबरी बूट. गोट्या तळपायाला टोचतात, ऊन असेल तर पोळतात, आणि गुडघेदुखीच्या माणसाने अनवाणी त्यावर उभं राहायचं म्हणजे शिक्षा. बाहेर आल्यावर ओल्या कपड्यांवर गावात मात्र हिंडायचं नाही. जवळच्याच सोरेंतो गावाच्या महापौरांनी २०२२ मध्ये हुकूमच काढला, पोहण्याच्या कपड्यांत रस्त्यावर फिराल तर दंड, ५०० युरोंपर्यंत. चर्चमध्ये जातानाही खांदे झाकलेले लागतात. लेकीची तेव्हा धांदल उडेल, पर्समध्ये काहीतरी शोधत बसेल. तुम्ही दोन ओढण्या घेऊन जा, एक तुमची, एक तिला द्यायला.